चतुर्थीची ओहोटी आणि पुळणीवरची शर्यत

अलिबाग-मुरूड पट्ट्यात बैलगाड्यांची शर्यत कधी घ्यायची हे पंचांग बघून ठरायचं. मुहूर्ताशी त्याचा काही संबंध नव्हता. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा हिशोब किनाऱ्यावर लहानथोर सगळ्यांना पाठ. अष्टमीला भरती सहाची, म्हणजे ओहोटी ऐन दुपारी बाराला. त्या उन्हात बैल पळवणार कोण? शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार मागे जातच नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी लांब जातं, पण तेव्हा भरती साधारण बाराची आणि पुरती सुकती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला. अंधारात गाड्या जुंपायच्या किंवा अंधारात घरी न्यायच्या, दोन्ही गैरसोयीचं. राहिली चतुर्थी-पंचमी. भरती तीन-पावणेचारची, ओहोटी सकाळी नऊ-दहाची, आणि उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नाही. सात वाजल्यापासून पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मोकळी व्हायला लागायची आणि बारा वाजेपर्यंत सगळं उरकून घ्यावं लागायचं. वद्य चतुर्थी असली की निम्मं गाव संकष्टीचं उपाशी. भजीवाला तेवढा कुरकुरायचा.

आमच्या गावच्या किनाऱ्यावरची ही धाव आता होत नाही. विशीतल्या पोरांना विचारलं तर ती म्हणतात, कोर्टाने बंद केली. ते खोटं नाही, पण कोर्टाचा निकाल लागण्याआधीच या शर्यतीखालची वाळू बरीच सरकली होती.

मुळात बैलगाडी किनाऱ्यावर आली कुठून, तिथून सुरुवात करायला हवी. आज अलिबागहून मुरूडला जाणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, मग रेवदंड्याच्या खाडीवरच्या साळावच्या पुलावरून जातो. हे पूल आणि डांबर व्हायच्या आधी दोन खाड्यांमधला सपाट किनारा हाच गाडीरस्ता होता. वाडीतल्या पायवाटेने भरलेली गाडी नेण्यापेक्षा पाणी उतरल्यावर पुळणीवरून नेणं सोपं. चाक रुतत नाही, चढउतार नाही, बैल दमत नाहीत. जुनी माणसं सांगत की बाजाराहून रिकाम्या गाड्या परत निघाल्या की दोघांची नजरानजर व्हायची आणि तिथेच जुंपायची. त्याचीच पुढे जाहीर शर्यत झाली, असं मानायला माझी हरकत नाही. निदान कुणा राजाने किंवा देवाने ही प्रथा घालून दिली या कहाण्यांपेक्षा ते पटण्यासारखं आहे.

दुसरं कारण भाताचं. खारेपाटात आणि किनाऱ्यालगतच्या शेतांत भाताचं एकच पीक. नांगरणी-चिखलणी पावसात, कापणी दिवाळीच्या मागेपुढे, मग झोडणी. पौषापासून शिमग्यापर्यंत बैल गोठ्यात रिकामा. रिकाम्या बैलाला खायला तर घालावंच लागतं. ज्याच्याकडे जरा तरतरीत जोडी असेल तो तिला संध्याकाळी पुळणीवर फिरवून आणायचा, आणि दोन महिन्यांत ती शर्यतीला तयार व्हायची. म्हणजे पळणारा बैल आणि नांगराचा बैल हा एकच प्राणी होता. पुढे ज्यांच्या हातात पैसा आला त्यांनी घाटावरून खिल्लार जातीचे बैल आणले. ते फक्त शर्यतीसाठी पाळले जायचे, आणि बघायला देखणे, यात वाद नाही. पण शेजाऱ्याचा चिखलात राबलेला बैल जिंकल्यावर जो हल्लकल्लोळ व्हायचा तो खिल्लाराच्या वाट्याला कधी आला नाही.

आता वाळूविषयी, कारण या खेळाचा अर्धा कस तिच्यात होता. बाहेरच्या माणसाला वाटतं, वाळूत बैल धावणार कसे? आमच्याकडची रेती काळसर आणि बारीक आहे. बारीक रेतीचा किनारा उताराला मंद असतो, त्यामुळे पाणी उतरलं की रुंदच रुंद पट्टा उघडा पडतो. कणांच्या मधलं थोडं पाणी त्यांना एकमेकांना धरून ठेवतं, आणि जमीन अशी घट्ट होते की मोटारसायकलच्या चाकाचाही नुसता ठसा उमटतो. वरच्या अंगाला, भरतीच्या रेघेपाशी, रेती सुकून भुसभुशीत. चाक तिथे गेलं की संपलं. अगदी पाण्याच्या कडेला गेलात तर रेती अजून पाणी प्यालेली, खुराखाली दबते. पळायची जागा या दोहोंच्या मधली, आणि ती स्थिर नाही. नऊ वाजता जिथे उत्तम धाव होती तिथे साडेदहाला ऊन लागून वरचा थर मोकळा झालेला असायचा. म्हणून शेवटच्या फेऱ्यांना हुशार गाडीवान हळूहळू समुद्राकडे सरकत. नवखे मात्र आधीच्या चाकोरीतूनच जात आणि मागे पडत.

सकाळी सगळ्यात आधी दोन-तीन बापये अनवाणी चालत जाऊन टाच मारून रेती बघायचे. माझे मोठे काका त्यांतले एक. टाच रोवायची, वजन टाकायचं, पाय उचलून खड्ड्यात पाणी किती वेळात झिरपतं ते बघायचं. लगेच पाणी आलं तर अजून थांबा. ते परत येताना दिसले की सुरूच्या बनातून हाका सुरू: ‘पानी खाली गेला का रं?’ मग निशाणं रोवायची. एक सुरुवातीला, एक लांब टोकाला. आमच्याकडे सरळ धाव नव्हती. टोकाच्या निशाणाला वळसा घालून परत यायचं. गाडी म्हणजे शर्यतीसाठीच बांधलेला हलका सांगाडा, दोन चाकं, बसायला जेमतेम फळी. गाडीवान बसतच नसे म्हणा. गुडघे वाकवून, एका हातात कासरा घेऊन तो अधांतरी तोलत असायचा.

खरी गंमत वळणावर. सरळ धावेत पुढे असलेली जोडी वळणावर हटकून फाकायची, कारण आतला बैल आवरायचा आणि बाहेरचा सोडायचा, हे वेगात सगळ्यांना साधत नाही. दोन-चार फेऱ्या झाल्या की निशाणाभोवतीची रेती उखडून जायची आणि पुढच्या गाड्यांची चाकं तिथेच रुतायची. आम्ही पोरं त्यासाठीच शेवटच्या रेषेपाशी न थांबता दूरच्या टोकाला जाऊन बसायचो. कोण जिंकलं ते आम्हाला आरोळ्यांवरून कळायचं. कोण कुठे आणि का हरलं, ते मात्र आमच्याइतकं कुणाला माहीत नसायचं.

हे वळणाचं दुखणं फक्त आमचं नव्हे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या डेटोना बीचवर 1936 साली मोटारींची शर्यत अशाच मार्गावर सुरू झाली: जाताना डांबरी रस्ता, येताना समुद्राकाठची ओली वाळू, आणि दोन्ही टोकांना वाळूतली वळणं. पहिल्याच वर्षी वळणं इतकी उखडली की गाड्या अडकून पडल्या आणि शर्यत ठरलेल्या फेऱ्यांच्या आधीच थांबवावी लागली. तिथेही वेळ भरती-ओहोटी बघूनच ठरायची. त्याच वाळूवर ब्रिटिश मोटारचालक माल्कम कॅम्पबेलने 1935 मध्ये ताशी 276 मैलांचा वेग गाठला आणि त्याच वर्षी पुढच्या विक्रमासाठी तो बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाटीवर निघून गेला. डेटोनाची शेवटची किनारी शर्यत 1958 ची. 1959 मध्ये शहरात अडीच मैलांचा पक्का स्पीडवे उघडला आणि समुद्राशी असलेला करार संपला. त्यांचा खेळ वाळू सोडून पुढे गेला, मोठा झाला. आमच्या खेळाला जायला दुसरीकडे जागाच नव्हती. भाताच्या खाचरांत बांध आडवे येतात.

आठवणी गोड असल्या तरी एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बैलाला मार बसायचा. शेपूट पिरगाळणं, दातांनी चावणं, काठीच्या टोकाला खिळा, हे मी पाहिलं आहे, आणि पुढे पुढे बॅटरीचा शॉक देणारेही निघाले. बक्षिसाच्या ढालीची जागा रोख रकमेने आणि मोटारसायकलीने घेतली, पैजा लागायला लागल्या, तसा मारही वाढला. घरचा बैल असला की मालकाला उद्या त्याच्याच जिवावर नांगर धरायचा असतो, म्हणून हात आवरता असे. नुसत्या शर्यतीसाठी आणलेल्या बैलाला तेवढंही संरक्षण नव्हतं. प्राणिमित्र कोर्टात गेले त्याचा आमच्या लोकांना फार राग आला, पण त्यांनी तिथे मांडलेलं सगळंच काही रचलेलं नव्हतं.

कायद्याचा प्रवास लांबचा आहे, थोडक्यात सांगतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात केंद्र सरकारला अशी यादी करता येते की ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत. त्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड आधीपासून होते. 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने त्यात बैल आला. मग कोर्टकज्जे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू (तमिळनाडूतला बैल आवरायचा खेळ) आणि बैलगाडा शर्यत दोन्हींवर बंदी घातली. जानेवारी 2016 मध्ये केंद्राने अटींसह मुभा दिली, तिला आठवडाभरातच स्थगिती मिळाली. 2017 मध्ये तमिळनाडूत मरीना किनाऱ्यावर माणसं उतरली, तिथला कायदा बदलला. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी आपली दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. शेवटी 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यात अटींसह शर्यती होऊ दिल्या आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

2014 ते 2021 ही साडेसात वर्षं. बैलाच्या हिशोबाने हा फार मोठा काळ आहे. शर्यतीत पळणारा बैल ऐन भरात असतो तो काही वर्षंच. बंदीच्या वेळी जे पळत होते ते बंदी उठेपर्यंत म्हातारे झाले किंवा विकले गेले, आणि नवे तयार करायला कुणाकडे कारणच उरलं नाही. तरी मी म्हणेन की बंदीने जे केलं ते शेवटचं. त्याआधीच पॉवर टिलर आला होता. एका टिलरने दहा घरांची चिखलणी होते, त्याला वर्षभर पेंढा लागत नाही. जमिनी विकल्या गेल्या, जिथे गोठे होते तिथे ‘घरगुती जेवणाची सोय’ अशा पाट्या लागल्या. मुलं मुंबईला किंवा तालुक्याच्या कंपनीत. बैल सांभाळायचा म्हणजे घरात एक माणूस कायम हवा, आणि तोच नव्हता.

किनाराही तो राहिला नाही. वाड्या धुपून जाऊ नयेत म्हणून ठिकठिकाणी दगडी बंधारे घातले. वाड्या वाचल्या हे खरं, पण बंधाऱ्यापुढची पुळण अरुंद झाली, काही ठिकाणी भरतीला पाणी थेट दगडांना लागतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा सुरूचं बन आडवं झालं. त्याच बनाच्या सावलीत बैल बांधले जायचे, तिथेच माणसं डबे सोडायची. आणि शनिवार-रविवारचं काय सांगावं! नागाव, काशीद, अलिबाग, कुठेही जा: बनाना राइड, पॅरासेलिंग, वाळूवर भुर्रभुर्र करणाऱ्या चारचाकी बाइक. घट्ट ओल्या रेतीचा जो पट्टा बैलांना लागायचा तोच त्यांना लागतो. व्यवसाय म्हणून माझी त्यांना ना नाही. गावातली निम्मी चूल त्यावर पेटते.

परवानगी मिळाल्यावर जिल्ह्यात काही किनाऱ्यांवर गाड्या पुन्हा पळाल्या. आमच्याकडे नाही. नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी हवी, चाबूक-काठी चालत नाही, धाव 1000 मीटरहून लांब नको. नियम ठीकच आहेत, पण ते आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घाटावरची सरळ धाव असणार. आमची टोकाला जाऊन वळून येणारी शर्यत त्यात बसवायची तर अंतर निम्मं करावं लागेल, म्हणजे निशाण पाचशे मीटरवर. मला ते चालेल, वळण राहिलं म्हणजे झालं. गावात मात्र यावर दोन तट आहेत. जुने म्हणतात, एवढ्याशा धावेत बैलाचा दम कळत नाही. तरुण म्हणतात, रविवारी घ्या, पर्यटक येतील, पैसे जमतील. रविवारी घ्यायची तर त्या दिवशी अष्टमी असली तरी घ्यावी लागेल, भांगाच्या ओहोटीत, भर दुपारी, चारचाकी बाइकांच्या मधून. त्यापेक्षा मंगळवारी येणारी चतुर्थी बरी. सध्या गावात शर्यतीच्या लायक जोड्या दोनच आहेत, त्याही टेम्पोत घालून घाटावर पळायला नेतात. वाळूवर त्या कधी उतरलेल्याच नाहीत. त्यांना आधी पुळणीची सवय करावी लागेल आणि त्यासाठी टाच मारून रेती बघणारं कुणीतरी लागेल. काका आता सत्त्याऐंशीचे आहेत.