खवटणं वेगळं, नासणं वेगळं: व्हिटॅमिन ई आणि फेनॉक्सीइथेनॉल

गेल्या आषाढात खानापूरहून वहिनींचा फोन आला. "कोरफडीच्या जेलवर बुरशी आलीया गे. दोन कॅप्सुली घातल्या होत्या की व्हिटॅमिन ईच्या, तरी कसं नासलं?" चार दिवसांनी गेले तेव्हा बरणी बघितली. वर कापसासारखा पांढरा थर, मध्ये मोहरीएवढे काळे ठिपके, आणि झाकण उघडल्याबरोबर कुबट वास. खानापूरच्या पावसात भिंती ओलावतात, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. तिथं पाण्याची वस्तू टिकवायची तर कॅप्सूल कामाची नाही. पण हे वहिनींना सांगणार कोण? आमच्या गल्लीतल्या महिला संघातही व्हिटॅमिन ई म्हणजेच प्रिझर्व्हेटिव्ह, असंच बायका धरून चालतात.

खरं तर आपल्या स्वयंपाकघराला हा फरक पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. शेंगदाण्याचं कूट खवटतं. दूध नासतं, भात आंबतो, भाकरी बुरसते. कुटाला कुणी नासलं म्हणत नाही आणि दुधाला कुणी खवटलं म्हणत नाही, कारण दोन्हींच्या मागची कारणंच निराळी. खवटणं म्हणजे हवेतल्या ऑक्सिजननं तेलाचे रेणू मोडणं. त्यात जिवंत असं काही नसतं. नासणं, आंबणं, बुरसणं हे मात्र जिवाणू, यीस्ट आणि बुरशीचं काम, आणि त्यांना पाणी लागतं. म्हणून खोबरेल बाटलीत महिनोन् महिने राहतं, आणि जवळजवळ सगळं पाणीच असलेला कोरफडीचा गर दोन दिवसांत वास मारतो.

व्हिटॅमिन ई, म्हणजे टोकोफेरॉल, पहिल्या कामाचं, म्हणजे खवटणं रोखायच्या कामाचं आहे. तेल मोडण्याची साखळी ते मध्येच तोडते. बदाम तेल, जवस तेल यांत अर्धा टक्कासुद्धा पुरे. जिवाणूंना आणि बुरशीला मात्र ते आवरत नाही. त्यातही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हिरव्या कॅप्सुलीत बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असतं. रेणूचा जो भाग तेलाला वाचवतो, तोच त्यात झाकलेला असतो. तो त्वचेत गेल्यावर मोकळा होतो. म्हणजे बरणीत ती कॅप्सूल तेलालाही फारशी राखत नाही.

दुसरं काम, म्हणजे नासणं रोखणं, फेनॉक्सीइथेनॉलचं; क्रीममध्ये घालतात ते हे प्रिझर्व्हेटिव्ह. नावात इथेनॉल बघून आपल्याकडं लगेच साखर कारखाना आठवतो, आणि 'क्रीममध्ये दारू' म्हणून बायका ट्यूब परत ठेवतात. पण कारखान्यातलं इथेनॉल वेगळं, हे वेगळं. हा किंचित तेलकट, रंगहीन द्रव, गुलाबासारखा अगदी मंद वास. सूक्ष्मजीवांच्या पेशीचं बाहेरचं पापुद्रं ते बिघडवतं. पाण्यात वाढणाऱ्या स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंवर ते चांगलं चालतं, बुरशीवर कमी. म्हणून लेबलावर त्याच्या शेजारी बहुतेक वेळा एथिलहेक्सिलग्लिसरिन दिसतं. ते जोडीला आलं की जोर वाढतो. आपल्या पावसाळी भागात ही जोडी बघूनच घ्यावी असं मला वाटतं.

प्रमाणाबाबत मात्र मी कडक आहे. युरोपात फेनॉक्सीइथेनॉलची कमाल मर्यादा 1 टक्का आहे, आणि 2016 साली तिथल्या वैज्ञानिक समितीनं तेवढं प्रमाण सुरक्षित ठरवलं. 100 ग्रॅम क्रीमला 1 ग्रॅम, त्याच्या वर नाही. थेंब मोजून किंवा चमच्यानं हे जमत नाही. सोनाराकडं असतो तसा बारीक वजनकाटा लागतो. तान्ह्या बाळाच्या तोंडात जाईल अशा ठिकाणी तर ते नकोच. स्तनाग्रांना लावायच्या एका क्रीममध्ये हे होतं म्हणून 2008 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं बाळंतिणींना इशारा दिला होता.

आणि एक, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. बुरशी दिसली म्हणजे उशीर झाला, आणि जिवाणू तर लाखांनी वाढले तरी जेल स्वच्छच दिसतं. फ्रिजमध्ये ठेवलं तर वाढ मंदावते, थांबत नाही. पुरळ आलेल्या, खरचटलेल्या कातडीवर असलं जेल लावलं तर त्रास वाढतो. विकायचं असेल तर कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणं परवाना लागतो, तेव्हा संघातल्या बायकांनी आधी तेवढं विचारून घ्यावं.

वजनकाटा नसेल तर पाणीच घालू नये, हा सोपा मार्ग. वहिनी आता खोबरेल आणि मधमाशीचं मेण वितळवून मलम करतात, त्यात थोडं टोकोफेरॉल, आणि डबीत ओलं बोट घालायला घरात सगळ्यांना मनाई. कोरफड लागली की परसातलं पान कापतात, लागेल तेवढा गर काढतात आणि उरलेला गाईच्या गोठ्यामागं टाकून देतात.