झोपलेला थ्रेड बॅटरी खात नाही

पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत माझ्यासमोर बसलेले काका दर पाच मिनिटांनी एक विधी करत होते. फोनवरची सगळी उघडी ॲप्स समोर आणायची आणि अंगठ्याने एकेक करून वर भिरकावायची. "मागे चालू राहतात ना, बॅटरी खातात," त्यांनी मी न विचारताच सांगितलं. लोणावळा येईपर्यंत त्यांनी एकच चॅट ॲप सहा वेळा मारलं आणि सहा वेळा पुन्हा उघडलं.

मी पोटापाण्यासाठी अँड्रॉइड ॲप लिहितो. ओठांवर आलेलं व्याख्यान तेव्हा गिळलं, ते इथे देतो.

"मागे चालू" म्हणजे नक्की काय चालू? ॲपच्या आत काम करतात ते थ्रेड. एक थ्रेड म्हणजे सूचनांची यादी हातात घेऊन ती वरपासून खालपर्यंत पार पाडणारा एक गडी. साध्याशा ॲपमध्येही असे दहावीस गडी असतात. त्यांतला एखादा बाहेरच्या सर्व्हरशी बोलायला बसवलेला असतो आणि तो बोलतो सॉकेटमधून, म्हणजे बाइटची ये-जा होते अशा एका दारातून. ही कल्पना १९८३ साली बर्कली विद्यापीठातून आलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीत पहिल्यांदा सर्वांच्या हाती आली. नेटवर्कशी बोलणं हे फाइलशी बोलण्यासारखंच असावं, 'लिही' म्हटलं की बाइट जावेत, 'वाच' म्हटलं की यावेत, एवढाच त्यातला हट्ट. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेली, युनिक्सच्या वळणाची लिनक्स सिस्टिम आजही तो पाळते.

पण फाइल हाताशी असते आणि सर्व्हर लांब असतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर. वाटेत कुठेही न अडखळता, अगदी सरळ रेषेत गेलं तरी जाऊन येऊन ३९ मिलिसेकंद लागणारच. आपल्याला हे काहीच वाटत नाही. पण दोन गिगाहर्ट्‌झवर धावणाऱ्या प्रोसेसरचे तेवढ्यात ७ कोटी ८० लाख ठोके मोजून होतात. प्रश्न असा, की तेवढा वेळ आपला गडी करतो काय?

माझ्या मते संगणकशास्त्रातली सगळ्यात देखणी जागा इथे आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

थ्रेड सॉकेटला म्हणतो, वाच. ही मागणी कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे जाते. कर्नल त्या सॉकेटची टोपली पाहतो. टोपली रिकामी. आता दोन मार्ग आहेत. एक, गड्याने तिथेच उभं राहून "आलं का? आलं का?" विचारत बसायचं. यात बॅटरी खरोखर जळते. दुसरा मार्ग कर्नल घेतो. तो थ्रेडवर 'निजलेला' असा शिक्का मारतो, त्याचं नाव त्या सॉकेटच्या प्रतीक्षा-रांगेत लिहितो आणि प्रोसेसरसाठी ताटकळणाऱ्यांच्या रांगेतून काढून टाकतो. मग प्रोसेसर दुसऱ्या कुणाला देतो, कुणीच नसेल तर प्रोसेसरलाही झोपवतो. या क्षणापासून आपला थ्रेड प्रोसेसरचा एक ठोकाही घेत नाही. कमी घेतो असं नव्हे, शून्य घेतो. मेमरीत त्याची थोडी जागा अडते, तेवढीच.

दुपारी ओसरीवर डुलकी घेणारी आजी आठवा. ती दर मिनिटाला उठून दार उघडून पाहत नाही. कडी वाजली की जागी होते.

इथे कडी वाजवतं फोनमधलं मोडेम. पॅकेट, म्हणजे बाइटचं एक पुडकं, आलं की ते प्रोसेसरला इंटरप्ट देतं, म्हणजे हातातलं काम थांबवून इकडे बघ अशी हाक. कर्नल पॅकेट उघडतो, वाटेत काही बिघडलं नाही ना हे कळायला त्यावरची बेरीज जुळते का पाहतो, क्रमांक तपासतो. मग इकडचा पत्ता, इकडचं पोर्ट, तिकडचा पत्ता, तिकडचं पोर्ट (त्या पत्त्यावरचा दारक्रमांक) या चार खुणांवरून नेमकं सॉकेट शोधतो, बाइट त्याच्या टोपलीत टाकतो आणि प्रतीक्षा-रांगेतल्या नावाला हाक मारतो. थ्रेड उठतो. त्याच्या दृष्टीने मध्ये काहीच घडलेलं नसतं. 'वाच' म्हटलं आणि बाइट मिळाले, बस. मधली ३९ मिलिसेकंदं असोत की तीन तास, त्याला दोन्ही सारखेच.

मग अडचण कुठे येते? झोपायला चुकीचा गडी पाठवला की.

प्रत्येक ॲपमध्ये एक मुख्य थ्रेड असतो. पडदा रंगवणं आणि तुमच्या बोटाला उत्तर देणं ही त्याची कामं. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० दाखवणाऱ्या फोनवर त्याच्या निम्मेच. सिंगापूरहून उत्तर यायला ३९ लागतात, तेही कागदावर. मुख्य थ्रेड सॉकेटवर वाचायला बसला तर किमान दोन चित्रं बुडालीच. घाटात नेटवर्क गेलं असेल तर किती बुडतील त्याला हिशेबच नाही.

गंमत अशी, की मुख्य थ्रेडसुद्धा बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. तुम्ही पडद्याकडे नुसतं बघत बसलात तर त्याला कामच नसतं. झोपण्यात दोष नाही. पण तो 'ईपोल' नावाच्या सोयीने झोपतो. एकाच वेळी अनेक दारांच्या कड्या ऐकू येतील अशा जागी त्याची खाट असते, जी कडी वाजेल तिच्यासाठी तो उठतो. एका सॉकेटवर 'वाच' म्हणून झोपलेला थ्रेड मात्र त्या एकाच दाराला कान लावून झोपतो. बाकीच्या घराला आग लागली तरी त्याला पत्ता नाही.

त्या अनेक दारांपैकी एक म्हणजे तुमचं बोट. हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या. अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचा स्पर्श ॲपपर्यंत पोहोचतो तोसुद्धा सॉकेटमधूनच. फोनच्या आतल्याआत, सिस्टिम आणि ॲप यांच्यामध्ये सॉकेटची एक जोडी असते. सिस्टिम तिच्यातून "इथे इथे बोट लागलं" असा निरोप धाडते आणि "पाहिलं" या पोचपावतीची वाट पाहते. पावती पाच सेकंदांत आली नाही, की ॲप प्रतिसाद देत नाही, बंद करायचं का, अशी ती सुप्रसिद्ध चौकट येते. म्हणजे बहुतेकदा ॲप मेलेलं नसतं. ते भलत्या दाराशी निजलेलं असतं.

हे इतक्यांदा व्हायला लागलं की २०११ साली अँड्रॉइड ३.० पासून नियमच आला. मुख्य थ्रेडवरून नेटवर्कला हात लावलात तर ॲप तिथल्या तिथे कोसळतं. नवशिक्या प्रोग्रॅमरला पहिल्या आठवड्यात मिळणारी ही चपराक. मला मिळाली तेव्हा फार राग आला होता.

म्हणून वाचायला वेगळा, पडद्यामागचा थ्रेड ठेवायचा. त्याने खुशाल एका दाराला कान लावून झोपावं. पण निरोप आल्यावर तो स्वतः पडद्यावर लिहू शकत नाही. पडद्याला मुख्य थ्रेडनेच हात लावायचा, नाहीतर दोघांनी एकाच ओळीवर एकाच वेळी लिहिलं तर काय उमटेल सांगता येत नाही. मग तो चिठ्ठी लिहून मुख्य थ्रेडच्या रांगेत ठेवतो आणि 'इव्हेंटएफडी' नावाच्या आठ बाइटच्या एका मोजणीयंत्रात एक वाढवतो. तीही मुख्य थ्रेडला ऐकू येणारी एक कडीच. तो उठतो, चिठ्ठी वाचतो, पडदा रंगवतो, पुन्हा आडवा होतो. थ्रेड हाताने बनवा, नाहीतर आजच्या पद्धतीने कोटलिन या भाषेतली कोरूटीन ही सोय वापरा, खाली हीच देवाणघेवाण चाललेली असते.

आता मराठी माणसासाठी खास एक खड्डा. सॉकेटमधून निरोप येत नाहीत, बाइटचा प्रवाह येतो. तिकडून एका दमात लिहिलेला लांब मजकूर इकडे दोन-तीन तुकड्यांत मिळू शकतो, आणि तुकडा कुठे पडावा यावर आपला ताबा नसतो. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, म्हणून तिथे कुठेही कापलं तरी अक्षर शाबूत राहतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या रूढ पद्धतीत, तीन बाइटचं. 'नमस्कार' म्हणजे न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं, २१ बाइट. त्यांतले दहाच आले आणि घाईने मजकूर बनवायला घेतला, तर 'नमस' आणि पुढे हलन्ताचा एक तृतीयांश हाती लागतो. पडद्यावर काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह दिसतं आणि लोक फॉन्टला शिव्या घालतात. उपाय साधा आहे. आधी चार बाइटमध्ये मजकुराची लांबी पाठवायची आणि तेवढे सगळे जमेपर्यंत वाचतच राहायचं.

तर काकांकडे येऊ. ॲप वर भिरकावलं की त्याचे निजलेले थ्रेड आणि जुळलेली सॉकेटं सगळी जातात. पुन्हा उघडलं की नवी प्रोसेस, सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणं, टीसीपी या जोडणीच्या नियमावलीप्रमाणे ओळखपाळख, मग सांकेतिक कुलपाची बोलणी. प्रत्येक पायरीला सर्व्हरची एकेक फेरी. त्यात फोनचा रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, जागा होतो आणि काम संपल्यावरही काही सेकंद जागाच राहतो. फुकट झोपलेल्याला मारून पुन्हा जन्माला घालण्याचा खर्च काका दर पाच मिनिटांनी भरत होते. मागे राहून खरोखर बॅटरी पिणारी वाईट ॲप्स असतात, नाही असं नाही. ती फोनच्या सेटिंगमधल्या बॅटरीच्या यादीत नावानिशी सापडतात, तेवढीच काढावीत. 'एका टिचकीत फोन थंड' म्हणणारी सफाई ॲप्स मात्र मला फोनला चिकटवायच्या किरणोत्सर्गरोधक स्टिकरच्या पंगतीतली वाटतात. सफाई करणारा दिवसभर जागा, आणि झाडतो कुणाला, तर झोपलेल्यांना.

शिवाय मारलेल्या चॅट ॲपचे निरोप काकांना येतच होते. कारण बहुतेक फोनवर निरोपांसाठी गूगलच्या सेवेचं एकच सामाईक सॉकेट उघडं असतं. अनेक ॲप्सच्या वतीने तेच कान देतं आणि गरज पडेल त्या ॲपला उठवतं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून, पडून असलेल्या फोनमध्ये बाकीच्यांना नेटवर्कच मिळत नाही, ठरावीक वेळाने थोडीशी खिडकी उघडते तेवढीच.

खंडाळ्यानंतर गाडी बोगद्यात शिरली. त्या वेळी डब्यातली काही सॉकेटं मेलीही असतील आणि कुणाला ते कळलंही नसेल. तुटलं असं सांगायला पॅकेट लागतं, आणि बोगद्यात पॅकेट पोहोचत नाही. वाचत झोपलेल्या थ्रेडला कुणी उठवत नाही. जावा या भाषेतल्या साध्या सॉकेटला मुदत घालून दिली नसेल तर ती अनंत असते. लिनक्सची 'जिवंत आहेस का' ही विचारणा मुद्दाम सुरू केली तरी पहिल्यांदा दोन तासांनी होते. त्यामुळे चांगली ॲप्स स्वतःच मधूनमधून नाडी तपासतात. उत्तर नाही आलं, तर दुसरा थ्रेड ते सॉकेट बंद करतो. बंद करणं हाच झोपलेल्याला उठवायचा खात्रीचा मार्ग, थ्रेडला नुसती हाक मारून तो उठत नाही.

मग पुन्हा जोडणी. पहिला प्रयत्न फसला तर एक सेकंद थांबायचं, मग दोन, चार, आठ. आणि प्रत्येक वेळी त्या आकड्यात थोडा नशिबाचा भाग मिसळायचा, कुणाला पाव सेकंद जास्त, कुणाला कमी. नाहीतर बोगद्याचं तोंड आलं की आख्ख्या गाडीतले फोन एकाच क्षणी टॉवरचं दार ठोठावतील. काकांचं चॅट ॲप कर्जत यायच्या आधीच जोडलं गेलं असावं. टुणकन आवाज झाला, काकांनी फोन काढला, आणि अंगठा पुन्हा वर सरकला.