श्याम मोठा होतो, प्रश्नपत्रिका उताऱ्यापाशीच राहते

राज्य मंडळाच्या शाळांत सहावी ते आठवीच्या मराठीला आज अख्खी कादंबरी नसते. असतो तो तिच्यातला चार-पाच पानांचा तुकडा, 'पाठ' म्हणून छापलेला, खाली स्वाध्याय जोडलेला. त्यामुळे मुलाला कादंबरी कळली का, हे आपल्या परीक्षेने फारसे विचारलेलेच नाही. तिने विचारले ते उतारा कळला का, एवढेच. प्रवासवर्णन किंवा निबंधाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाते. मूल मोठे होत जाण्याची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकात मात्र खरे काय घडते ते दोन प्रसंगांच्या मधल्या काळात घडते, आणि उतारा नेमका तो काळच कापून टाकतो.

मराठी घरांत या वयाच्या मुलांच्या हाती हमखास पडलेले असे पुस्तक म्हणजे साने गुरुजींचे 'श्यामची आई'. गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात बेचाळीस रात्री आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे प्रत्येक प्रसंगात दोन श्याम असतात: पोहायला घाबरून लपून बसलेला पोर, आणि त्या पोराकडे मागे वळून पाहणारा माणूस. 'श्याम का लपला?' या प्रश्नाचे उत्तर पोराकडे मिळते. 'श्याम हे आज मित्रांना का सांगतो आहे?' याचे उत्तर मिळायला मागचीपुढची पाने लागतात. पहिला प्रश्न वर्षानुवर्षे पेपरात येतो, दुसरा क्वचितच.

सोलापूर जिल्ह्याला तर हे पुस्तक आणखी एका कारणाने जवळचे असायला हवे. त्यातल्या एका रात्री डोक्यावरची मोळी पडलेली एक दलित म्हातारी भेटते. तिला हात लावायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला सांगते, आणि मग घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. माया आणि रूढी एकाच बाईच्या बोलण्यात शेजारी शेजारी उभ्या आहेत. हे पुस्तक लिहिणाऱ्या मुलाने पुढे, १ मे १९४७ रोजी, याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण सुरू केले. त्याआधी काही महिने ते याच मागणीसाठी महाराष्ट्रभर फिरले होते. १० मे रोजी उपोषण सुटले आणि मंदिराचे दार उघडले. आईने जिथवर आणून सोडले, तिथून मुलगा पुढे गेला. मोठे होणे ते हेच. आठवीच्या मुलाला 'आईचे कोणते सांगणे तुला पटले, कोणते पटले नाही, आणि मोठेपणी श्यामला काय वाटले असेल?' असे विचारले, तर त्याने पुस्तक वाचले की गाईड, हे दोन मिनिटांत कळते. माझ्या मते संबंध पुस्तकात परीक्षकासाठी याहून मोलाची जागा नाही.

मग परीक्षा अशी का घडली? पूर्वी सातवी हाच अनेकांच्या शिक्षणाचा शेवट होता. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीला लागू शकत असे. सोलापूर, बार्शी, पंढरपूरकडच्या जुन्या घरांत 'आजोबा व्ह. फा. होते' हे अजून मानाने सांगतात. त्या परीक्षेवर पोट अवलंबून होते. गावोगावच्या मुलांना एकच पेपर आणि तपासणारे अनेक, म्हणून गुण कोणीही तपासले तरी सारखेच पडतील असे प्रश्न हवे होते. गाळलेल्या जागा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले, संदर्भासह स्पष्टीकरण हे प्रकार त्या गरजेला उत्तम बसले. त्यांत लबाडी नव्हती. न्यायाची काळजीच होती. फक्त न्याय सोपा व्हावा म्हणून प्रश्न लहान होत गेले.

१९५६ साली अमेरिकेत बेंजामिन ब्लूम यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण मांडले. त्याची छाया आपल्या डी.एड., बी.एड.च्या पाठ टाचणांवर पडली, आणि ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य ही चौकट शिक्षकांना पाठ झाली. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली. पाठ्यपुस्तके नीट, स्वस्त आणि सगळीकडे एकसारखी मिळू लागली. हे काम मोठेच होते. पण पुस्तकाची पाने मोजकी आणि लेखक बरेच, म्हणून कादंबरी येणार ती उताऱ्याच्याच रूपाने.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. सातवी-आठवीला आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाला ४० आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला ६० अशी विभागणी झाली. आकारिकच्या साधनांत तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, दैनंदिन निरीक्षण हे सगळे बसले. कागदावर तरी अख्खे पुस्तक वाचून घेण्याची वाट इथे मोकळी झाली. व्यवहारात बहुतेक ठिकाणी नोंदी भरण्याचा ताण शिक्षकावर पडला आणि प्रकल्प म्हणजे मुखपृष्ठ रंगवलेली वही, असे झाले. पुढे दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाबरोबर कृतिपत्रिका आली. आकृती, चौकटी, ओघतक्ता आणि शेवटी 'स्वमत'. स्वमताची कृती ही खरी सुधारणा आहे. मुलाला पहिल्यांदाच 'तुला काय वाटते' असे गुण देऊन विचारले गेले. तरी ते मत त्याने द्यायचे उताऱ्यातल्या परिच्छेदांवरूनच. २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीला नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आहेत. त्यांतही अख्ख्या पुस्तकाला जागा नाही.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. पूर्व भागातल्या विणकर आणि विडी कामगारांच्या घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, शहरात मोठी वस्ती उर्दू बोलणाऱ्यांची. यातली पुष्कळ मुले मराठी माध्यमात शिकतात. घरातले कर्ज, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान, आईची काटकसर हे श्यामच्या कोकणातल्या घराइतकेच त्यांच्या घरांनाही ओळखीचे आहे. पण 'पर्णकुटी' किंवा 'पत्रावळ' या शब्दांशी ती अडखळतात आणि लेखी पेपरात मागे पडतात. पेपर तपासणाऱ्याला वाटते, मुलाला गोष्ट कळली नाही. खरे तर त्याला गोष्ट कळलेली असते. ती प्रमाण मराठीत पाच ओळींत मांडता आलेली नसते. अळणी भाजीच्या रात्री वडिलांनी मीठ नसलेली भाजी मुकाट्याने का खाल्ली, हे अशा मुलाला आपल्या बोलीत सांगू द्यावे. ते घरातलीच आठवण सांगून मोकळे होते. आशय आणि भाषा यांचे गुण वेगळे मोजायला हवेत, आणि तसे करायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

वेळेची अडचण नेहमी पुढे केली जाते. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. प्रत्येकाशी पुस्तकावर आठ मिनिटे बोलायचे तर २८० मिनिटे लागतात. पस्तीस मिनिटांच्या आठ तासिका. बाकीच्या मुलांनी त्या वेळात वाचत बसावे. एका सत्रात हे सहज मावते, आणि आकारिकच्या तोंडी कामात त्याची नोंदही करता येते.