भोवरा पडला असता तरी काय सिद्ध झालं असतं?

गेल्या आठवड्यात एका मित्राने व्हिडिओ पाठवला. मथळा: ‘इन्सेप्शनच्या शेवटाचं कोडं विज्ञानाने सोडवलं!’ त्यातलं विज्ञान एवढंच, की निवेदक शेवटचं दृश्य पुन्हा पुन्हा हळू चालवून ओरडतो, ‘बघा, डगमगला!’

ज्यांनी ‘इन्सेप्शन’ पाहिला नसेल त्यांच्यासाठी: ख्रिस्तोफर नोलनचा 2010 सालचा चित्रपट. कॉब (लिओनार्डो डिकॅप्रिओ) दुसऱ्यांच्या स्वप्नांत शिरतो. आपण स्वप्नात आहोत की जागे, हे ओळखायला त्याच्याकडे बोटांनी फिरवायचा छोटा धातूचा भोवरा आहे. स्वप्नात तो फिरतच राहतो, जागेपणी पडतो. शेवटी कॉब घरी येतो, टेबलावर भोवरा फिरवतो, तेवढ्यात मुलं दिसतात आणि तो तिकडे जातो. भोवरा किंचित डुलतो आणि पडदा काळा! कॉब जागा आहे की अजून स्वप्नात, हेच ते कोडं.

डुलला हे खरंच. पण भोवरा दोन प्रकारे डुलतो, आणि सगळी गंमत तिथे आहे.

आधी, फिरता भोवरा पडत का नाही? ‘वेगामुळे तोल राहतो’ हे उत्तर झालं नाही, ती प्रश्नाचीच पुनरुक्ती. भोवऱ्याच्या चकतीवर पेनाने एक ठिपका काढा. वरून पाहताना चकती घड्याळाच्या उलट दिशेने फिरते आहे आणि भोवरा पूर्वेकडे कलला आहे असं समजा. गुरुत्वाकर्षण त्याला पूर्वेकडेच आडवा पाडू पाहतं, म्हणजे चकतीच्या पूर्व भागाला खाली रेटतं. ठिपका पूर्वेला आला की त्यालाही तो रेटा बसतो. पण ठिपका तिथे थांबतो कुठे? पूर्वेकडून जाताना बसलेल्या रेट्याचा परिणाम पाव फेरी उशिरा, म्हणजे उत्तरेला पोचल्यावर दिसतो. सगळ्याच कणांचं असं होतं, त्यामुळे चकती पूर्वेऐवजी उत्तरेकडे झुकते. मग तोच खेळ उत्तरेकडून पश्चिमेकडे. भोवरा सतत पडतच असतो, फक्त पाव फेरी चुकीच्या जागी. अक्ष अशा रीतीने शंकूसारखा फिरतो, त्याला परांचन म्हणतात.

(पृथ्वीचा अक्षही असाच फिरतो, एका फेरीला सुमारे 26,000 वर्षं. म्हणूनच पाश्चात्त्य राशिभविष्यात 21 मार्चच्या सुमारास ‘मेषेत’ शिरणारा सूर्य आकाशात त्या दिवशी मीन तारकासमूहात असतो. भविष्य सांगणाऱ्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.)

आता महत्त्वाचं. भोवरा जितका जोरात फिरतो तितकं परांचन संथ. सोडताना हात तिरका झाला तर भोवरा कलतो आणि सुरुवातीला आळसावल्यासारखा मोठे वळसे घेतो. मग त्याचं गोलसर टोक टेबलावर घसरतं, ते घर्षण अक्षाला हळूहळू उभं करतं आणि भोवरा इतका स्थिर होतो की फिरतोय की नाही कळू नये. हे पहिलं डुलणं, आणि ते विरून जातं. दुसरं शेवटचं: फिरण्याचा वेग एका मर्यादेखाली गेला की बारीकसा कलही वाढत जातो. वळसे रुंद होतात आणि त्यांची घाईही वाढते. त्यातून सुटका नाही.

ही मर्यादा मांडता येते. कोनीय वेगाचा वर्ग हा चार गुणिले वजन, गुणिले गुरुत्वमध्याची उंची, गुणिले टोकाभोवतीचं आडवं निरूढी परिबल, भागिले अक्षाभोवतीच्या निरूढी परिबलाचा वर्ग, यापेक्षा मोठा हवा. (निरूढी परिबल म्हणजे फिरण्यातल्या बदलाला वस्तू करते तो विरोध. डोकं गरगरलं तर पुढच्या वाक्यावर या.) दीड सेंटिमीटर त्रिज्येची पातळ चकती टोकापासून दीड सेंटिमीटर उंचीवर असेल, तर सेकंदाला साधारण 18 फेऱ्या. त्याहून वेग कमी झाला की भोवरा डुलू लागणार. या हिशेबात वस्तुमान वर-खाली उडून जातं; जड भोवरा जास्त वेळ फिरतो तो हवेच्या अडथळ्याला लवकर दाद देत नाही म्हणून.

गुरुत्वाकर्षण मात्र उडत नाही. चंद्रावर हाच भोवरा साडेसात फेऱ्यांपर्यंत तग धरेल. गुरुत्वाकर्षण शून्य केलं तर मर्यादाही शून्य, पडायचा प्रश्नच मिटला. थोडक्यात, भोवरा गुरुत्वाकर्षण आणि घर्षण मोजणारं यंत्र आहे. चित्रपटातच हॉटेलच्या बोळात गुरुत्वाकर्षण नाहीसं होतं, तेव्हा माणसं तरंगत मारामारी करतात. तिथे भोवरा पडला नसता हे खरं, पण कारण स्वप्न नव्हे. अंतराळस्थानकात पूर्ण जागे असलेल्या माणसाचाही पडत नाही.

उलट बाजूने पाहा. भोवरे पडतात हे जगजाहीर आहे. स्वप्न रचणारा दुसरा कुणी असेल तर त्याच्या डोक्यातल्या जगात गुरुत्वाकर्षण असणारच, आणि तिथे कॉबचा भोवरा निमूट आडवा होईल. म्हणजे शेवटचं डुलणं दुसऱ्या प्रकारचं होतं असं मानलं, पडदा काळा व्हायच्या आत भोवरा खाली आला असता असंही मानलं, तरी हाती काय लागलं? एवढंच, की त्या टेबलापाशी गुरुत्वाकर्षण आणि घर्षण होतं.

त्यापेक्षा कॉबच्या साथीदाराची, आर्थरची युक्ती सरस वाटते. त्याचा फासा एका बाजूला जड केलेला आहे आणि तो कसा पडतो हे फक्त त्याला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या स्वप्नात तो साध्या फाशासारखा, कुठल्याही अंगावर पडणार. आर्थर स्वतःच्याच स्वप्नात असेल तर मात्र फासाही त्याला हवा तसाच पडेल.