पीडीएफमधले फोटो बाहेर काढताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोसायटीची स्मरणिका असो, मंडळाचा अहवाल असो, वागळे इस्टेटमधल्या कारखान्याचा कॅटलॉग असो, ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या छपाईच्या दुकानात काउंटरवर एक वाक्य ठरलेलं असतं: "मूळ फोटो आता कुठे सापडत नाहीत हो, पण पीडीएफ आहे. त्यातून घ्या ना काढून." काढता येतात, आणि बहुतेक वेळा चांगले निघतात. कधी अर्धवट निघतात, कधी निघतच नाहीत, आणि कधी नको ते निघतं. असं का होतं आणि आपण काय करावं, ते या पत्रकात लिहिलं आहे. वाचून घरच्या घरी जमलं तर उत्तमच, नाही जमलं तर फाइल घेऊन या.

स्क्रीनशॉट काढू नका

सगळ्यात आधी हे, कारण कामं इथेच बिघडतात. पीडीएफ उघडायची, फोटो मोठा करायचा, स्निपिंग टूलने चौकोन आखायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हाला पाठवायचा. पडद्यावर छान दिसतो. पण तो फोटो नसतो, पडद्याचा फोटो असतो. साधा मॉनिटर १९२० बाय १०८० ठिपक्यांचा. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे अख्खा पडदा भरून फोटो असला तरी कागदावर तो ६.४ बाय ३.६ इंचाचा होणार. पडद्याच्या पाव भागात असेल, तर व्हिजिटिंग कार्डापेक्षाही लहान. त्यात व्हॉट्सअ‍ॅप फोटो आणखी दाबून पाठवतं. त्याच पीडीएफच्या पोटात तीन हजार ठिपके रुंदीचा मूळ फोटो तसाच पडून असू शकतो.

आत काय असतं

पीडीएफ अ‍ॅडोबीने १९९३ साली आणली. २००८ साली ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झाली, त्याचा क्रमांक ३२०००. ही फाइल एक गाठोडं समजा: मजकूर वेगळा, फॉन्ट वेगळे, रेषा वेगळ्या, चित्रं वेगळी, आणि कुठली गोष्ट कुठल्या पानावर कुठे ठेवायची याच्या सूचना. चित्र पानाला चिकटवलेलं नसतं, म्हणून ते सुटं काढता येतं. जेपीईजी फोटो आत जेपीईजी म्हणूनच ठेवता येतो. तसा ठेवलेला फोटो योग्य साधनाने काढला, तर तो पुन्हा दाबला जात नाही, आत होता तोच बाहेर येतो.

आत कसा होता, हे मात्र पीडीएफ बनवणाऱ्यावर अवलंबून. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्मॉलेस्ट फाइल साइझ' निवडलं की रंगीत फोटो इंचाला १०० ठिपक्यांवर उतरतात. 'प्रेस क्वालिटी' निवडलं तर ३०० राहतात. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरची नेहमीची मर्यादा ३००. वर्डच्या अनेक आवृत्त्या फाइल सेव्ह करतानाच फोटो २२० वर आणतात. आणि "मेलने जात नव्हती म्हणून ऑनलाइन लहान करून घेतली" अशी फाइल आली, की आम्ही आधीच सांगतो, अपेक्षा ठेवू नका. गेलेले ठिपके कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. एआयने फोटो मोठा करता येतो, पण ते अंदाजाने भरलेले ठिपके असतात. इमारतीच्या, बागेच्या फोटोला चालून जातं. गेलेल्या आजोबांच्या चेहऱ्यावर आम्ही तो प्रयोग करत नाही. कातडी गुळगुळीत होते, डोळे भलत्याचेच वाटतात, आणि घरचे म्हणतात, हे आमचे आजोबा नाहीत.

म्हणून पीडीएफला हात लावण्याआधी एक चौकशी करा: ती ज्या वर्ड फाइलपासून बनली, ती कुणाकडे आहे का? असेल तर काम सोपं. फाइलची एक प्रत करा, नावाच्या शेवटचं 'डॉक्सएक्स' पुसून तिथे 'झिप' लिहा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया' नावाचा. सगळे फोटो तिथे ओळीने मिळतात. नावाचं शेपूट दिसतच नसेल, तर विंडोजच्या 'व्ह्यू' मेनूत फाइल नेम एक्स्टेन्शन दाखवण्याची खूण करा.

घरी करायचं असेल तर

एखाद-दुसराच फोटो हवा असेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडर पुरेसा आहे. फोटोवर क्लिक करून तो निवडा, उजवं बटण दाबून कॉपी करा, पेंटमध्ये पेस्ट करा आणि पीएनजी म्हणून सेव्ह करा. जेपीईजी करू नका, तो पुन्हा दाबला जाईल.

सगळेच फोटो हवे असतील तर विंडोजवर पीडीएफ२४ हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते आपल्याच कॉम्प्युटरवर बसवता येतं, फाइल बाहेर कुठे जात नाही. ज्यांच्याकडे फोटोशॉप आहे, त्यांनी पीडीएफ उघडताना येणाऱ्या खिडकीत 'पेजेस'ऐवजी 'इमेजेस' निवडावं. ही सोय समोर असूनही बरेच जण अख्खं पान उघडतात आणि मग फोटो कापत बसतात. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये सगळी चित्रं एकदम एक्स्पोर्ट करता येतात, पण तेवढ्यासाठी ते विकत घेऊ नका.

आम्ही स्वतः पॉप्लर या मोफत संचातलं 'पीडीएफइमेजेस' वापरतो. काळ्या खिडकीत कमांड लिहावी लागते, दिसायला रुक्ष आहे, पण त्याच्यासारखं प्रामाणिक साधन नाही. काही काढण्याआधी ते नुसती यादी देतं: कुठल्या पानावर, किती रुंद, किती उंच, रंग कुठले, साठवलंय कसं. समजा, यादीत कार्यकारिणीच्या फोटोची ओळ अशी आहे: रुंदी १६५४, उंची ११०२, रंग आरजीबी (म्हणजे पडद्याचे लाल, हिरवा, निळा), साठवण जेपीईजी. ३०० ने भागा. साडेपाच इंच रुंद, पावणेचार इंचाला जरा कमी उंच. स्मरणिकेच्या अर्ध्या पानाला हा फोटो बिनधास्त चालेल. तोच तीन फुटी फ्लेक्सवर ताणला तर इंचाला ४६ ठिपके उरतात. रस्त्यापलीकडून ठीक, पण हॉलच्या दारात लावलात तर चेहरे फुटलेले दिसणार. फोटो बाहेर काढण्याआधीच हे कळतं, आणि छपाईचे पैसे वाचतात.

हे साधन वापरणार असाल तर 'ऑल' हा पर्याय द्यायला विसरू नका. तो दिला की प्रत्येक चित्र शक्यतो आत होतं त्याच प्रकारात मिळतं. कुठलाच पर्याय दिला नाही, तर पीपीएम नावाच्या अवाढव्य फाइली तयार होतात आणि त्या विंडोजमध्ये साध्या डबल क्लिकने उघडत नाहीत. नेमकी कमांड कागदावर लिहून हवी असेल तर काउंटरवर मागा.

निघालं, पण विचित्र निघालं

लोगोची पार्श्वभूमी काळी आली, आणि शेजारी त्याच मापाचं एक करडं चित्रही निघालं, तर घाबरू नका. पीडीएफमध्ये पारदर्शक भागाची माहिती वेगळ्या चित्रात ठेवतात, त्याला मास्क म्हणतात. करडं चित्र टाकून देऊ नका; फोटोशॉपमध्ये किंवा गिंपमध्ये ते मास्क म्हणून लावलं की लोगो पुन्हा स्वच्छ होतो.

फोटो निगेटिव्हसारखा उलट्या रंगांत दिसला, तर तो बहुधा छपाईच्या चार रंगांतला, म्हणजे सीएमवायके जेपीईजी असतो. फोटो खराब झालेला नसतो, बघायचं सॉफ्टवेअर चुकत असतं. काही पीडीएफमध्ये एकच फोटो आडव्या पट्ट्यांत कापून ठेवलेला असतो. तो पट्ट्यांतच बाहेर येतो, खाली-वर जुळवून घ्यावा लागतो. फोटो उलटा किंवा आडवा निघाला तर नुसता फिरवायचा; सरळ करण्याची सूचना पानात होती, ती मागेच राहिली.

आणि ढीग! चाळीस पानांच्या अंकातून दोनशे फाइली निघाल्या, असं होतं. सावल्या, ठिपके, चौकटींचे कोपरे, प्रत्येक पानावरचा तोच लोगो, सगळंच बाहेर पडतं. फोल्डर आकारानुसार लावा. तुमचे फोटो वर येतील, कचरा खाली जाईल.

आत फोटोच नसतो तेव्हा

कंपनीचा लोगो पीडीएफमध्ये दिसतो, पण यादीत सापडत नाही. कारण तो चित्र नसून रेषांनी काढलेला असतो, ज्याला आम्ही व्हेक्टर म्हणतो. ही आनंदाची बातमी समजा. कोरलड्रॉ किंवा इंकस्केपमध्ये पान उघडून तो उचलता येतो, आणि मग पेनवर छापा नाहीतर पंधरा फुटी बोर्डावर, कडा तशीच धारदार राहते. कारखान्याकडून जुनं लेटरहेड पीडीएफमध्ये आलं की आम्ही आधी हेच तपासतो.

स्कॅन केलेल्या पीडीएफचं उलट. तिथे अख्खं पानच एक चित्र असतं, फोटो त्यातून कापावा लागतो. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर त्यात छपाईचे ठिपकेही आलेले असतात. ते पुन्हा छापले की जाळी दिसते. थोडी कमी करता येते, पूर्ण जात नाही. काही स्कॅनर फाइल लहान ठेवण्यासाठी अक्षरांचा थर वेगळा आणि पार्श्वभूमीचा वेगळा करतात. तसल्या पीडीएफमधून फोटो काढला तर अक्षरांविना पुसट पान हाती येतं. तिथे काढण्याच्या भानगडीत न पडता पानच मोठ्या मापात चित्र करून घ्यावं.

झाकलेलं झाकलेलं राहत नाही

हे जरा थांबून वाचा, कारण हे फोटो काढण्यापेक्षा फाइल पाठवण्याबद्दल आहे. पानावर फोटोचा जेवढा भाग दिसतो, तेवढाच आत असेल असं नाही. चौकटीबाहेरचा भाग अनेकदा नुसता लपवलेला असतो. लग्नाच्या ग्रुप फोटोतून मुलीचा चेहरा तेवढा कापून बायोडेटात लावला, पीडीएफ केली आणि दहा स्थळांना पाठवली. त्या पीडीएफमधून चित्र काढलं तर शेजारची मावशी, मागचं घर, सगळं सकट बाहेर येऊ शकतं. इनडिझाइनमध्ये चौकटीबाहेरचा भाग छाटून टाकण्याचा पर्याय एक्स्पोर्टच्या खिडकीत असतो. वर्डमध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मध्ये कापलेले भाग पुसायची सोय आहे. सगळ्यात साधा उपाय म्हणजे फोटो आधी पेंटमध्ये कापून सेव्ह करा आणि मगच लावा.

आधारच्या नंबरावर काळी पट्टी ओढणं हाही तसलाच प्रकार. पट्टी ही वरून ठेवलेली वेगळी वस्तू, खालचं चित्र शाबूत. आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बाकी कागदपत्रांवर काही झाकायचं असेल तर अ‍ॅक्रोबॅट प्रोचं 'रिडॅक्ट' वापरा, नाहीतर झाकून झाल्यावर त्या पानाचं चित्र करा आणि त्या चित्राची नवी पीडीएफ बनवा.

याच कारणासाठी सातबारा, खरेदीखत, पॅन कार्ड असलेल्या फाइली 'मोफत फोटो काढून देऊ' म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर चढवू नका. शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका चढवलीत तर हरकत नाही.

कुलूप आणि हक्क

पासवर्ड असलेली फाइल आणलीत तर पासवर्डही आणा. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मसाल. दुसऱ्याच्या फाइलचं कुलूप आम्ही तोडून देत नाही.

फोटो निघाला म्हणून तो आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्हीच, वेगळा करार नसेल तर. त्यामुळे घरच्या लग्नाच्या अल्बमच्या पीडीएफबद्दल सहसा प्रश्न येत नाही. पण एखाद्या दिवाळी अंकाच्या पीडीएफमधलं चित्र तुमच्या पत्रिकेवर हवं असेल, तर परवानगी दाखवा, मग छापू.

आमच्याकडे येताना

पीडीएफ पेन ड्राइव्हवर आणा किंवा मेल करा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलीत तरी चालेल, तशी पाठवलेली पीडीएफ दाबली जात नाही. अंकाची छापील प्रत आणि पीडीएफ दोन्ही असतील तर आधी पीडीएफच द्या. कुठल्या पानावरचा कुठला फोटो हवा ते लिहा, आणि मुख्य म्हणजे छापायचा किती मोठा ते सांगा. चार बाय सहा इंचाला १२०० बाय १८०० ठिपके लागतात, ए-फोरला २४८० बाय ३५०८. तीन बाय दोन फुटी फ्लेक्सला ३६०० बाय २४०० असले की भागतं, कारण तो लांबून बघतात.

फाइल तपासून यादी देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. काम झाल्यावर फाइल आमच्या कॉम्प्युटरवरून पुसून हवी असेल तर पावती करतानाच सांगा. आणि बाहेर काढलेल्या फोटोंना नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. फोटोखाली छापलेल्या ओळीही सोबत येत नाहीत. ग्रुप फोटोत डावीकडून कोण उभं आहे आणि कोण बसलं आहे, ते कागदावर लिहून आणा.