हीटमॅपच्या आधी ती वही कोणाकडे होती?

हल्ली ट्रेडिंगचा कुठलाही व्हिडिओ लावा, काळ्या-निळ्या स्क्रीनवर आडव्या पिवळ्या-केशरी पट्ट्या, मधून प्राइसची रेघ वळवळत चाललेली आणि तिच्यावर हिरवे-लाल फुगे. पट्टी म्हणजे त्या भावाला किती ऑर्डरी लावून ठेवल्यात ते, जितकी भडक तितका माल जास्त, आणि फुगा म्हणजे खरोखर झालेला सौदा. याला म्हणतात लिक्विडिटी हीटमॅप, लिक्विडिटी म्हणजे घ्यायला-विकायला तयार उभा असलेला माल. पहिल्यांदा बघितलं की वाटतं बाजाराचा एक्सरेच हातात आला, मलाही तसंच वाटलेलं आणि पहिले दोन आठवडे मी भडक पट्टी दिसली की डोळे झाकून तिच्या भरवशावर सौदे टाकत होतो (पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही). मग जरा मागे जाऊन वाचायला लागलो की हे आलं कुठून.

सुरुवात टेपपासून. १८६७ मध्ये न्यूयॉर्कला एडवर्ड कॅलाहानने स्टॉक टिकर काढला, कागदाच्या पट्टीवर शेअरचं नाव आणि भाव टकटक छापून यायचा, पुढे एडिसननेही त्यात सुधारणा केल्या. पण टेपवर यायचे ते फक्त झालेले सौदे. कोण किती माल घेऊन कुठल्या भावाला थांबलाय ते टेपला माहीतच नसायचं, मग लोक सौद्यांच्या चालीवरून अंदाज बांधायचे, की एवढा विकला जातोय तरी भाव पडत नाही म्हणजे खाली कोणीतरी मोठा बसलाय. यालाच टेप रीडिंग म्हणायचे आणि आज आपण ज्याला ऑर्डर फ्लो म्हणतो, म्हणजे ऑर्डरी आणि सौदे कसे येतायत ते वाचणं, त्याचा हा पणजोबा.

थांबलेल्या ऑर्डरींची वही मात्र होती, अगदी शब्दशः. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजमध्ये प्रत्येक शेअरला एक स्पेशालिस्ट, म्हणजे त्या शेअरचा बाजार सांभाळणारा माणूस असायचा, लिमिट ऑर्डरी (अमुकच भावाला घ्या किंवा विका अशा) त्याच्या वहीत जायच्या आणि ती वही त्याच्यापुढेच उघडी. बाहेरच्याला फक्त सगळ्यात चांगला बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव). आता ज्याला सगळ्यांचे पत्ते दिसतात तोच स्वतःच्या खात्यावर खेळूही शकतो, त्याच्यावर नियम होते, लक्षही असायचं, पण फायदा तो फायदाच.

आपल्याकडे तर वहीसुद्धा नाही. बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज १८७५ चं, त्याआधी टाऊन हॉलजवळ झाडाखाली दलाल जमायचे, आणि नंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास सगळा कारभार रिंगमध्ये, म्हणजे सौद्यांच्या आवारात, ओरडून. जॉबर, म्हणजे स्वतःच्या हिशोबावर घेणारे-विकणारे, दोन्ही बाजूचे भाव द्यायचे आणि मार्केट डेप्थ (कुठल्या भावाला किती माल थांबलाय ते) म्हणाल तर ती जॉबरच्या डोक्यात. शिकागोच्या पिटमध्येही (तिथली रिंगच ती) तेच, तळहात स्वतःकडे म्हणजे घेतोय, बाहेर म्हणजे विकतोय, आणि आवाज किती चढला यावरून लोकांना कळायचं की काहीतरी मोठं आलंय. म्हणजे लिक्विडिटी तेव्हा कानाने वाचायची गोष्ट होती. १९८० च्या दशकात तिथल्याच पीटर स्टाइडलमायर नावाच्या ट्रेडरने मार्केट प्रोफाइल काढलं, कुठल्या भावाला बाजार किती वेळ रेंगाळला ते दाखवणारं, पण तेही झाल्या गेल्याचंच चित्र.

मग स्क्रीन आली. ३ नोव्हेंबर १९९४ ला एनएसईने शेअरचं ट्रेडिंग सुरू केलं, सॅटेलाइटने जोडलेले टर्मिनल, ऑर्डर कोणाची ते गुपित आणि भाव-वेळ या क्रमाने मॅचिंग. मार्च १९९५ मध्ये बीएसईची बोल्ट ही स्क्रीनवरची सिस्टिम आली आणि रिंग संपली. तिकडे अमेरिकेत १९९६ च्या सुमाराला जॉश लेव्हिनने आयलंड नावाचं इलेक्ट्रॉनिक मार्केट काढलं आणि त्याचं ऑर्डर बुक, म्हणजे थांबलेल्या ऑर्डरींची वही, चक्क वेबवर फुकट बघायला ठेवलं, कोणीही या आणि बघा. न्यूयॉर्कला हे जमायला २००२ उजाडलं. २४ जानेवारी २००२ ला त्यांनी ओपनबुक सुरू केलं, स्पेशालिस्टच्या वहीतल्या लिमिट ऑर्डरी बाहेरच्यांना दिसायला लागल्या, आणि तेही सुरुवातीला दर १० सेकंदांनी एकदा अपडेट होणार, आज हे ऐकून हसू येतं.

खरी गंमत त्यानंतरची आहे. ओपनबुक आल्यावर काय बदललं याचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की लोक लिमिट ऑर्डरी छोट्या टाकायला लागले, रद्द जास्त करायला लागले आणि रद्दही लवकर करायला लागले. सरळ आहे, आपली वही शेजारी वाचतोय म्हटल्यावर कोण खरा आकडा लिहील? म्हणजे वही उघडली आणि तिच्यातला मजकूर बदलायला लागला, आणि हीटमॅप जे रंगवतो ते हेच बदललेलं बुक.

तोपर्यंत ट्रेडरसमोर असायचा डॉम, म्हणजे भावाची शिडी आणि प्रत्येक पायरीला क्वांटिटी. त्यात अडचण अशी की आकडे सेकंदाला शंभरदा बदलतात आणि मगाशी तिथे काय होतं ते गेलं की गेलं. हीटमॅपने एवढंच केलं की डॉमचा प्रत्येक क्षणाचा फोटो काढून शेजारी शेजारी लावला आणि आकड्याच्या जागी रंग भरला. रंगाची आयडिया जुनीच, १८७३ मध्ये तूसाँ लूआने पॅरिसच्या वॉर्डांची आकडेवारी छटांच्या चौकटीत मांडली होती, आणि हीटमॅप हा शब्द ट्रेडमार्क म्हणून घेतला कॉर्मॅक किनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तोही बाजाराचाच डेटा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी. ऑर्डर बुकची ही चित्रं सामान्य ट्रेडरपर्यंत आली ती २०१० नंतर, बुकमॅपसारख्या सॉफ्टवेअरमुळे.

आणि २०१० म्हटलं की ६ मे. त्या दुपारी अमेरिकेचा डाऊ निर्देशांक काही मिनिटांत जवळपास हजार पॉइंट खाली जाऊन परत वर आला, अ‍ॅक्सेंचरचा शेअर एका सेंटला विकला गेला. सरकारी रिपोर्टमध्ये एक आकडा आहे तो मला फार बोलका वाटतो, ई-मिनी फ्युचरमध्ये (एस अँड पी ५०० निर्देशांकाचा वायदा) घेणाऱ्यांच्या बाजूची डेप्थ आटून ५ कोटी ८० लाख डॉलरवर आली, सकाळच्या १ टक्क्याहूनही कमी. म्हणजे भडक पट्ट्या ऐन वेळेला गायब. पुढे २०१५ मध्ये लंडनच्या हाउन्स्लोमधून नविंदर सराओला पकडलं, हा आईवडिलांच्या घरात बसून ट्रेड करायचा, त्याच्या प्रोग्रॅमने त्या दिवशी भावापासून काही पायऱ्या वर मोठाल्या विक्रीच्या ऑर्डरी लावल्या, त्या १९ हजारांहून जास्त वेळा बदलल्या आणि शेवटी रद्द केल्या. सौदा करायचाच नाही अशा नुसत्या दिखाऊ ऑर्डरी लावण्याला स्पूफिंग म्हणतात, अमेरिकेत २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ते गुन्हा ठरलं. क्रॅश त्याच्यामुळेच झाला का यावर अजून वाद आहेत आणि मला तरी एकट्या माणसावर सगळं ढकलणं पटत नाही. पण हीटमॅपवर अशी ऑर्डर कशी दिसेल ते बघा, भावाच्या वर एक जाड भिंत, भाव जवळ यायला लागला की भिंतही वर सरकते. खरी भिंत जागची हलत नाही, ती खाल्ली जाते.

आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये सेबीने एका ब्रोकर फर्मवर असल्याच प्रकारासाठी अंतरिम आदेश काढला, साधारण ३ कोटी २२ लाखांची जप्ती. तरी आपली अडचण वेगळीच, नेहमीच्या टर्मिनलवर वरचे-खालचे पाचच भाव दिसतात, काही ब्रोकर २० किंवा त्याहून जास्तही दाखवतात. पाच पायऱ्यांवर हीटमॅप काढणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघणं. क्रिप्टोमध्ये एक्स्चेंज खोल बुक फुकट देतात म्हणून तिथे हे चार्ट जास्त फोफावले, फक्त तिथला लिक्विडेशन हीटमॅप म्हणजे हा नव्हे हं, तो लोकांचे उधारीवर घेतलेले सौदे कुठल्या भावाला जबरदस्तीने बंद होतील याचा नुसता अंदाज असतो, बुकमधल्या ऑर्डरी नाहीत, आणि दोन्हीत गल्लत करणारे भरपूर आहेत.

शिवाय एनएसईवर शेअरच्या ऑर्डरीत डिस्क्लोज्ड क्वांटिटीची सोय आहे. १ लाख शेअर विकायचे असतील तर १० टक्के, म्हणजे १० हजारच दाखवा, ते संपले की पुढचे १० हजार आपोआप समोर येतात. हीटमॅपवर ही पट्टी फिकट, कोणी ढुंकूनही बघणार नाही अशी. पण फुगे बघत राहिलात तर त्याच एका भावाला घेणारे येतायत, येतायत, फुग्यावर फुगा साचतोय आणि ती फिकट पट्टी काही केल्या संपत नाही. १८६७ च्या टेपवाल्यालाही हे कळलं असतं, त्याच्याकडे रंग नव्हते एवढंच.