तासाला दोन सेंट: फुकट व्हिडिओ फॉरमॅटची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची गाठ पडली, की जेवढी माणसं गॅलरीत असतात तेवढीच मोबाईलला चिकटलेली असतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली पोरं तर यूट्यूबच्या लाईव्हवरच जगतात. बघणाऱ्याला नेटपॅकपलीकडे खर्च नाही. स्टँडवर मोबाईल लावून सामना दाखवणाऱ्या पोराकडेही कुणी वसुलीला येत नाही. २००२ मध्ये मात्र पैसे घेऊन व्हिडिओ दाखवण्याला तासावर मीटर लावायचा बेत जाहीर झाला होता, तोही नुसता व्हिडिओ आवळण्याच्या तंत्रासाठी.

आधी मुळात आवळायचं, म्हणजे व्हिडिओचा आकार कमी करायचा, कशाला, ते बघू. फुल एचडीच्या एका चित्रात वीस लाखांवर ठिपके, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला पंचवीस चित्रं. हिशेब सेकंदाला सुमारे १५५ एमबीवर जातो. म्हणजे दिवसाचा दीड जीबीचा पॅक दहा सेकंदांत खलास. म्हणून कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळणारा आणि पुन्हा उलगडणारा प्रोग्राम, लागतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात कॅमेरा एका जागी असेल तर त्याचं काम हलकं असतं: हौद्यातली लाल माती या चित्रात आहे तशीच पुढच्या चित्रात, बदलतात ते दोन पैलवान. मग माती पुन्हा न पाठवता नुसता फरक पाठवायचा. फुटबॉलमध्ये कॅमेरा चेंडूमागे फिरतो, सगळंच सरकतं आणि ऐन गोलच्या वेळी चित्राचे चौकोन पडतात. आपण शिव्या रेंजला घालतो. दर वेळी दोष तिचा नसतो.

उरलेला फरक आवळण्याची युक्ती आपल्या शेजारच्या राज्यातल्या माणसाची आहे. बेंगळुरूचे नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे त्यांनी या कल्पनेसाठी निधी मागितला, तो मिळाला नाही. कल्पना फारच साधी आहे, असं एका परीक्षकाचं मत पडलं. त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये त्यांनी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म ही गणिती रीत प्रसिद्ध केली. जेपेग फोटो आणि नंतरचे बहुतेक सगळे व्हिडिओ फॉरमॅट त्यावर उभे आहेत. पायाच्या या दगडावर कुणाचं पेटंट नाही. पेटंटं लागली ती वर चढलेल्या मजल्यांवर, तीही शेकड्यांनी.

जानेवारी २००२ मध्ये एमपेग एलए या अमेरिकी कंपनीने एमपेग-४ या व्हिडिओ फॉरमॅटच्या परवान्याच्या अटी जाहीर केल्या. अनेक पेटंटधारकांच्या वतीने एकत्र परवाना देणं हा तिचा धंदा होता. उपकरणामागे शुल्क होतंच; शिवाय पैसे घेऊन व्हिडिओ दाखवणाऱ्याने तासाला दोन सेंट द्यायचे होते. दीड तासाचा सामना तिकीट लावून दहा हजार जणांना दाखवला, तर तीनशे डॉलर नुसते आवळण्याचे! ॲपलने निषेध म्हणून आपलं तयार व्हिडिओ सॉफ्टवेअर क्विकटाइम ६ अडवून धरलं. जुलैमध्ये अटी सैल झाल्या तेव्हा ते बाहेर आलं. पण वसुलीचा मीटर कसा असू शकतो, ते इंटरनेटवाल्यांनी पाहून घेतलं होतं.

पुढचा फॉरमॅट एच.२६४ हा २००३ चा. तो सगळीकडे पसरला, आजही आहे. उपकरण बनवणाऱ्याला वर्षाला पहिले एक लाख नग माफ, त्यापुढे नगामागे जास्तीत जास्त वीस सेंट. आपल्या मोबाईलच्या किमतीत ते कधीच जिरून गेले आहेत.

मुक्त पर्यायही तोवर धडपडत होता. ऑन२ कंपनीने आपला व्हीपी३ कोडेक २००१ मध्ये खुला केला आणि त्यातून २००८ मध्ये थिओरा १.० तयार झालं. खरं सांगायचं तर एच.२६४ पुढे ते फिकं होतं. विकिपीडियासारख्यांनी तत्त्व म्हणून वापरलं. खरा पैसा आला तो गूगलने २०१० मध्ये अख्खी ऑन२ विकत घेतली तेव्हा. त्याच वर्षी मे महिन्यात व्हीपी८ जगाला खुला झाला. ऑगस्टमध्ये एमपेग एलएने जाहीर केलं, की प्रेक्षकाला फुकट मिळणाऱ्या इंटरनेट व्हिडिओवर एच.२६४ ची रॉयल्टी कधीच घेणार नाही. शेजारी दुकान उघडलं की भाव उतरतो, ते असं. व्हीपी९ २०१३ मध्ये आला.

एच.२६४ चा वारस एचईव्हीसीही २०१३ चाच. तांत्रिकदृष्ट्या उत्तम, पण त्याच्या दारात एकाऐवजी दोन वसुलीदार उभे राहिले, पुढे तिसराही आला आणि काही पेटंटधारक तिघांच्याही बाहेर. जुलै २०१५ मध्ये त्यातल्या एचईव्हीसी ॲडव्हान्सने तर व्हिडिओतून होणाऱ्या उत्पन्नाचा अर्धा टक्का मागितला. वर्षअखेरीस तिला मागणी नरम करावी लागली, पण घाव बसायचा तो बसला होता. १ सप्टेंबर २०१५ रोजी गूगल, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, सिस्को आणि मोझिला यांनी रॉयल्टी-मुक्त फॉरमॅटसाठी अलायन्स फॉर ओपन मीडिया ही आघाडी स्थापन केली. एरवी एकमेकांचे पाय ओढणारे हे गडी एका तालमीत आले ते दानधर्मासाठी नव्हे. अर्धा टक्का म्हणजे किती, हे त्यांच्या हिशेबनीसांना चांगलं कळत होतं.

गूगलचा व्हीपी१०, सिस्कोचा थॉर आणि मोझिलाचा डाला यांच्यातलं बरं ते घेऊन २८ मार्च २०१८ रोजी आघाडीचा एव्ही१ फॉरमॅट जाहीर झाला. ॲपलही त्याच वर्षी आघाडीत आली, पण आयफोनच्या चिपमध्ये एव्ही१ उतरायला २०२३ चा १५ प्रो उजाडला. सुरुवातीला त्यात व्हिडिओ बांधायला, म्हणजे आवळून साठवायला, भयंकर वेळ लागे. उलगडण्याचं काम व्हीएलसी प्लेअरवाल्या व्हिडिओलॅनच्या डेव्हिड या वेगवान डिकोडरने स्वस्त मोबाईलवरही शक्य केलं.

‘रॉयल्टी-मुक्त’ हा शब्द अर्थात आघाडीच्या सदस्यांनी दिलेला आहे, बाहेरच्यांनी नाही. मार्च २०१९ मध्ये सिसव्हेल कंपनीने बाहेरच्या काही पेटंटधारकांच्या वतीने एव्ही१ वरही भाव लावला: पडदा असलेल्या उपकरणामागे ०.३२ युरो. आघाडीला तो दावा मान्य नाही.

आपल्या सामन्याचं काय, ते घरी बसून बघता येतं. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ चालू केलं की कोडेकचं नाव दिसतं. मैदानातून मोबाईल सहसा एच.२६४ मध्येच पाठवतो. यूट्यूब ते पुन्हा बांधून घेतं. माझ्याकडे खासबागेतली एक कुस्ती व्हीपी९ मध्ये उघडते आणि शेजारच्या जुन्या टीव्हीवर तीच एच.२६४ मध्ये.